कर्नल मॉड्यूल: मांडलेलं उलट्या पावली आवरायचं कसं

कर्नल मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला मागाहून जोडता येणारा कोडचा तुकडा, लोड होतं, लॉगमध्ये आपली ओळ दिसते, सगळं ठीक वाटतं. मग आरएममॉडने ते काढून इन्समॉडने पुन्हा चढवलं की मशीन जागच्या जागी थिजतं. किंवा त्याहून वाईट, काहीच होत नाही आणि अर्ध्या तासाने भलतीकडेच ऊप्स (कर्नलचा चुकीचा अहवाल) येतो. बहुतेक वेळा मॉड्यूलच्या मुख्य कामात काही खोट नसते. घोळ असतो तो सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाळीसेक ओळींत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. इनिट फंक्शन (लोड होताना चालणारं) अर्ध्यावर अपयशी ठरलं तर कर्नल तुमचं एक्झिट फंक्शन (मॉड्यूल काढताना चालणारं) बोलावत नाही. तोवर जे घेतलं असेल ते इनिटनेच परत करायचं असतं. एक्झिट चालतं ते फक्त इनिट पूर्ण यशस्वी झालेल्या मॉड्यूलसाठी.

उदाहरणं लिनक्सची आहेत आणि सगळीकडे एकच छोटं कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलीसारखं उघडून वाचता-लिहिता येणारं) धरलंय. त्यात एक बफर आहे, एक डिव्हाइस नंबर, एक क्लास, दर सेकंदाला उडणारा टायमर आणि त्या टायमरने वर्कक्यूत, म्हणजे मागून करायच्या कामांच्या रांगेत, ढकललेलं एक काम (वर्क).

## १. तयारी

स्वतःच्या रोजच्या मशीनवर हे करू नका. क्यूईएमयूमध्ये व्हर्च्युअल मशीन उभं करा, त्याचा स्नॅपशॉट ठेवा आणि सिरियल कन्सोल बाहेरच्या फाइलीत वळवा. पॅनिक झाल्यावर शेवटच्या ओळी आतल्या डिस्कवर पोचतीलच असं नाही. बाहेरच्या फाइलीत मात्र त्या मिळतात.

शक्य असेल तर त्या मशीनचं कर्नल केएसॅन (चुकीचा मेमरी-वापर पकडणारा), केमेमलीक (परत न केलेली मेमरी शोधणारा) आणि लॉकडेप (लॉकचे घोळ पकडणारा) चालू ठेवून बांधा. मशीन संथ होईल, होऊ द्या. मोकळी केलेली मेमरी वापरणारं मॉड्यूल साध्या कर्नलवर महिनाभर सुरळीत चालू शकतं. केएसॅन ते तिथल्या तिथे पकडून देतो.

हेडर्स चालू कर्नलचेच हवेत. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा संदेश आला तर कोडकडे नंतर बघा. आधी मॉडइन्फोमधली व्हर्मॅजिकची ओळ (मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधलंय) आणि ‘युनेम -आर’चं उत्तर (चालू कर्नल कोणतं) शेजारी ठेवून जुळवा.

तपासा: ज्यात लॉगमध्ये संदेश लिहिणारे फक्त दोन पीआर_इन्फो आहेत असं रिकामं मॉड्यूल आधी दहा वेळा लोड-अनलोड करून बघा. संदेशाच्या शेवटी न्यूलाइन आहे ना तेही पाहा. ती नसेल तर ओळ पुढचा संदेश येईपर्यंत अडकून राहते आणि ‘माझं एक्झिट चाललंच नाही’ म्हणून माणूस तासभर शोधत बसतो.

## २. कोडच्या आधी जोड्या लिहून काढा

कागद घ्या, तीन रकाने पाडा. काय घ्यायचं, ते परत कसं द्यायचं आणि फसलं तर ते कसं कळतं. पहिले दोन रकाने सगळे भरतात. चुका तिसऱ्यात होतात.

- बफर: केझेडअलॉकने घ्यायचा, केफ्रीने द्यायचा. फसल्यास नल (रिकामा पॉइंटर).
- डिव्हाइस नंबर: अलॉक_सीएचआरडेव्ह_रीजनने घ्यायचा, अनरजिस्टर_सीएचआरडेव्ह_रीजनने द्यायचा. फसल्यास ऋण आकडा.
- क्लास: क्लास_क्रिएट, क्लास_डिस्ट्रॉय. फसल्यास एरर दडवलेला पॉइंटर.
- सीडेव्ह (कॅरेक्टर डिव्हाइसची कर्नलकडची नोंद): सीडेव्ह_अ‍ॅड, सीडेव्ह_डेल. फसल्यास ऋण आकडा.
- डिव्हाइस नोड: डिव्हाइस_क्रिएट, डिव्हाइस_डिस्ट्रॉय. फसल्यास पुन्हा एरर दडवलेला पॉइंटर.
- टायमर: चालू करणं फसत नाही, पण थांबवणं सगळ्यात नाजूक. त्याचा वेगळा टप्पा पुढे आहे.

‘एरर दडवलेला पॉइंटर’ म्हणजे काय? क्लास_क्रिएट फसलं तर ते नल देत नाही. ऋण एरर क्रमांकच पॉइंटरच्या रूपात हातात ठेवतं. तुम्ही नल आहे का एवढंच बघितलं तर तपासणी बिनबोभाट पार पडते आणि तो खोटा पॉइंटर पुढे डिव्हाइस_क्रिएटमध्ये जाऊन फुटतो. इथे आयएस_ईआरआरने तपासायचं आणि पीटीआर_ईआरआरने आकडा काढून तोच परत करायचा. केथ्रेड_रनची रीतही हीच. प्रॉक_क्रिएट मात्र नल देतं. यात सुसंगती शोधू नका, प्रत्येक फंक्शनची व्याख्या उघडून बघा.

सावधान: कर्नलच्या ६.४ आवृत्तीपासून क्लास_क्रिएटला फक्त नाव द्यायचं असतं. पहिला धिस_मॉड्यूल हा आर्ग्युमेंट गेला. जुनी उदाहरणं जशीच्या तशी उतरवलीत तर कंपाइल होणार नाहीत.

## ३. इनिटमधला क्रम

आधी घरातलं सामान लावायचं, दार उघडायचं ते शेवटी. बफर, लॉक, टायमर आणि वर्क यांची मांडणी पहिली. मग नंबर, मग क्लास. जगाला दिसेल अशी नोंदणी, म्हणजे सीडेव्ह_अ‍ॅड आणि डिव्हाइस_क्रिएट, त्यानंतर.

सीडेव्ह_अ‍ॅड परत येण्याआधीच तुमच्या ओपन फंक्शनला हाक येऊ शकते. तोवर म्यूटेक्सची मांडणी झालेली नसेल तर ओपन करणारा प्रोग्रॅम अर्धवट लॉकवर जाऊन आपटेल. घरी चाचणी करताना हे कधीच दिसत नाही. आपण इन्समॉड करतो, मग सावकाश डिव्हाइस उघडतो. वाट पाहत असलेला दुसरा प्रोग्रॅम इतका सभ्य नसतो.

याच कारणाने नोंदणीनंतर फसू शकेल असं पाऊल शक्यतो ठेवू नये. दार उघडून लोक आत आल्यावर ‘जमलं नाही’ म्हणत घर पाडायला घेणं कठीण जातं. आपल्या उदाहरणात सीडेव्ह_अ‍ॅडनंतर डिव्हाइस_क्रिएट उरतं. ते टाळायचं तर सीडेव्ह_डिव्हाइस_अ‍ॅड दोन्ही एकत्र करतं. आणि खरं सांगायचं तर एकच साधं डिव्हाइस असेल तेव्हा मी मिस्क_रजिस्टर वापरतो. मुख्य क्रमांक १० तयार मिळतो, नंबर, क्लास आणि नोड एका हाकेत होतात आणि परत करायलाही एकच हाक पुरते. पाच पायऱ्यांची शिडी शिकण्यासाठी छान आहे, रोजच्या कामात तिची दरवेळी गरज नसते. इथे मात्र शिकायचंच आहे, म्हणून लांबचा रस्ता.

टायमर चालू करणं फसत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

परत द्यायचा आकडा यशाला ० आणि अपयशाला ऋण एरर. मेमरी नसेल तर -ईनोमेम, हार्डवेअर नसेल तर -ईनोडेव्ह, जागा अडलेली असेल तर -ईबिझी. चुकून धन आकडा गेला तर कर्नल लॉगमध्ये संशय व्यक्त करतं आणि मॉड्यूल तरीही लोड करतं. म्हणजे अर्धवट मांडलेलं मॉड्यूल जिवंत राहतं. उणे चिन्ह विसरणं ही इतकी स्वस्त चूक आहे.

सावधान: इन्समॉडच्या संदेशावर आंधळा विश्वास नको. तुमच्या इनिटने -ईइनव्हॅल दिलं तर तो ‘इनव्हॅलिड पॅरामीटर्स’ म्हणतो, भले तुमच्या मॉड्यूलला एकही पॅरामीटर नसो. -ईनोएन्ट दिलं तर ‘अननोन सिंबॉल’ म्हणतो. खरा अननोन सिंबॉल असेल तर त्या सिंबॉलचं नाव डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) येतं. ते दिसत नसेल तर संशय आपल्याच इनिटवर घ्या.

## ४. माघारीची शिडी

इनिटच्या शेवटी गोटूची शिडी लिहायची. गोटू वाईट, असं शाळेत घोकलेलं असतं ते इथे विसरा. कर्नलमध्ये हीच रीत आहे आणि ती वाचायला सोपी आहे. प्रत्येक लेबलचं नाव तिथे काय आवरलं जातं त्यावरून ठेवा, क्रमांकावरून नको:

    सीडेव्ह_काढ:    सीडेव्ह_डेल
    क्लास_काढ:     क्लास_डिस्ट्रॉय
    नंबर_परत:      अनरजिस्टर_सीएचआरडेव्ह_रीजन
    बफर_परत:      केफ्री
                  रिटर्न चूक

डिव्हाइस_क्रिएट फसलं तर ‘सीडेव्ह_काढ’वर उडी मारायची आणि तिथून घसरत खाली यायचं. सीडेव्ह_अ‍ॅड फसलं तर ‘क्लास_काढ’वर. नियम एवढाच, की जे पाऊल फसलं त्याच्या स्वतःच्या लेबलवर नाही, त्याच्या आधी जे शेवटचं यशस्वी झालं त्याच्या लेबलवर उडी.

‘चूक’ हा व्हेरिएबल उडीआधी भरला आहे ना ते प्रत्येक ठिकाणी बघा. केझेडअलॉक नल देतं, आकडा देत नाही. तिथे ‘चूक’ आपण भरायचा. राहून गेला आणि त्यात आधीचं ० असलं, तर सगळं आवरूनही इनिट यश कळवतं. कर्नलच्या लेखी मॉड्यूल जिवंत, प्रत्यक्षात आत काहीच नाही. पुढच्या आरएममॉडला तेच सगळं दुसऱ्यांदा आवरलं जातं.

ही शिडी नसली की काय दिसतं ते एकदा जवळून पाहिलंय. माझ्या एका मॉड्यूलच्या एक्झिटमध्ये क्लास_डिस्ट्रॉय राहून गेलं होतं आणि इनिटला शिडी नव्हती. पहिलं लोड ठीक, अनलोडही ठीक. दुसऱ्या इन्समॉडला ‘फाइल एक्झिस्ट्स’. हाच संदेश मॉड्यूल आधीच लोड असलं तरी येतो, म्हणून मी आरएममॉड करायला गेलो, तर तो म्हणे असं मॉड्यूलच लोड नाही. चक्रावून चार-पाच वेळा पुन्हा इन्समॉड केलं. मग प्रॉकमधली (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) डिव्हाइसेस फाइल उघडली, तर माझ्या डिव्हाइसचं नाव एकाखाली एक पाच वेळा, दर ओळीला वेगळा मुख्य क्रमांक. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने नवा नंबर घेतला होता आणि कोणीच परत केला नव्हता. खरं कारण डीमेसेजमध्ये पहिल्यापासून लिहिलेलं होतं: सिसएफएसमध्ये, म्हणजे प्रॉकसारख्याच ‘सिस’ डिरेक्टरीत, त्याच नावाची दुसरी नोंद करता येत नाही. जुना क्लास अजून तिथेच बसला होता. रीबूटशिवाय इलाज नव्हता.

तपासा: फसलेल्या इन्समॉडनंतर प्रॉकची डिव्हाइसेस फाइल आणि सिसमधली क्लास डिरेक्टरी या दोन्हींत तुमचं नाव अजिबात दिसता कामा नये.

## ५. इनिट आणि एक्झिटच्या खुणा

फंक्शनवर ‘__इनिट’ ही खूण लावली की ते वेगळ्या सेक्शनमध्ये जातं आणि इनिट यशस्वी झाल्यावर ती मेमरी मोकळी होते. ‘__एक्झिट’ लावलेला भाग, कोड कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर, टाकून दिला जातो, कारण तो कधी अनलोड होणारच नसतो.

यातून दोन खड्डे तयार होतात. पहिला असा, की एक सामाईक सफाई फंक्शन लिहून ते इनिटच्या अपयशात आणि एक्झिटमध्ये दोन्हीकडे वापरायचं. कल्पना चांगली, पण त्यावर ‘__एक्झिट’ लावायचं नाही. नाहीतर बिल्ट-इन बिल्डमध्ये इनिट हाक मारेल आणि ते जागेवर नसेल. खूण न लावता ते साधं स्टॅटिक फंक्शन ठेवा.

दुसरा खड्डा लपलेला आहे. टायमरच्या कॉलबॅकवर (टायमर उडाला की चालणाऱ्या फंक्शनवर) कोणी हौसेने ‘__इनिट’ लावतं. बिल्ड करताना सेक्शन मिसमॅचचं वॉर्निंग येईल असं वाटतं, पण येत नाही. त्या कॉलबॅकचा पत्ता इनिट फंक्शनच घेत असतं आणि इनिटमधून इनिटकडे बोट दाखवणं कायदेशीर आहे. मॉड्यूल लोड होतं, एका सेकंदाने टायमर उडतो आणि कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीत उडी घेतं. इनिट संपल्यानंतर ज्याला कधीही हाक येऊ शकते अशा कशावरही ही खूण नको.

सेक्शन मिसमॅचचं वॉर्निंग जेव्हा येतं, तेव्हा ते खरंच असतं. दुर्लक्ष करू नका.

## ६. एक्झिट: आधी थांबवा, मग मोडा

एक्झिट फंक्शन काहीही परत देत नाही, म्हणजे त्याला ‘आत्ता नको’ म्हणायची सोय नाही. ते चालू झालं की शेवटपर्यंत जाणार, आणि ते परतल्यावर तुमच्या कोडची मेमरी जाणार. त्या क्षणी तुमच्या कोडमध्ये कोणीही उभं असता कामा नये. प्रोग्रॅम नको, टायमर नको, वर्क नको, इंटरप्ट नको.

प्रोग्रॅमना थोपवण्याचं काम फाइल_ऑपरेशन्समधला ओनर (डिव्हाइस कोणत्या मॉड्यूलचं ते सांगणारी जागा) करतो. तिथे धिस_मॉड्यूल लिहिलेलं असेल तर डिव्हाइस उघडं असेपर्यंत मॉड्यूलचा वापर-आकडा शून्यावर येत नाही आणि आरएममॉड ‘इन यूज’ म्हणून परत फिरतो.

तपासा: एका टर्मिनलवर ‘स्लीप ६०’चा इनपुट तुमच्या डिव्हाइसकडे वळवा, दुसऱ्यावर आरएममॉड करा. नकार आला पाहिजे. मॉड्यूल निघून गेलं, तर ओनर लिहायचा राहून गेलाय.

टायमर आणि वर्क यांना मात्र हा आकडा मोजत नाही. ते आपणच थांबवायचे. नुसतं काढून टाकणं पुरत नाही, दुसऱ्या कोअरवर चालू असलेला कॉलबॅक संपेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून नावात ‘सिंक’ असलेली रूपं वापरा: टायमर_डिलीट_सिंक, जुन्या कर्नलमध्ये डेल_टायमर_सिंक, आणि कॅन्सल_वर्क_सिंक.

आता आपलं उदाहरण बघा. टायमर वर्क ढकलतो, वर्क काम संपवून टायमर पुन्हा लावतं. तुम्ही टायमर थांबवला आणि मग वर्क थांबवायला गेलात. मधल्या फटीत वर्क चालू होतं, त्याने टायमर पुन्हा लावला. मग वर्क थांबलं, मॉड्यूल गेलं आणि टायमर तसाच जिवंत राहिला. क्रम उलटा केला तर फट फक्त दुसऱ्या बाजूला जाते. यावर ६.२ आवृत्तीपासून टायमर_शटडाउन_सिंक आहे. ते एकदा चाललं की त्या टायमरला पुन्हा लावायचा प्रयत्न मुकाट्याने वाया जातो. त्यानंतर कॅन्सल_वर्क_सिंक करा, गाठ सुटते. जुन्या कर्नलवर ‘बंद होतोय’ असा एक झेंडा ठेवा आणि वर्कने टायमर लावण्याआधी तो लॉक घेऊन तपासावा.

सावधान: कॉलबॅक जे लॉक घेतो तेच हातात धरून सिंक फंक्शनला हाक मारू नका. तो लॉकची वाट बघेल, तुम्ही त्याची. लॉकडेप चालू असेल तर हे आधीच ओरडून सांगेल.

बाकीच्यांचं थोडक्यात. इंटरप्ट असेल तर आधी हार्डवेअरला गप्प करा, मग फ्री_आयआरक्यू, ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. कर्नल थ्रेड असेल तर त्याने आपणहून संपू नये, केथ्रेड_शुड_स्टॉप तपासत राहावं. आधीच संपून गेलेल्या थ्रेडला केथ्रेड_स्टॉप म्हणजे गेलेल्या मेमरीला हात. कॉल_आरसीयू (वाचणारे संपल्यावर कॉलबॅक चालवणारं) वापरलं असेल तर एक्झिटमध्ये आरसीयू_बॅरिअर हवंच. सिंक्रोनाइझ_आरसीयू वाचणाऱ्यांची वाट बघतं, रांगेत उरलेल्या तुमच्या कॉलबॅकची नाही. हे दोन एकच समजणारे पुष्कळ भेटतात.

सगळं थांबल्यावर मोडणं सोपं आहे: डिव्हाइस, सीडेव्ह, क्लास, नंबर, बफर. दुसऱ्या टप्प्याचा कागद खालून वर वाचा.

एक्झिट लिहिलंच नाही तर? इनिट असलेलं पण एक्झिट नसलेलं मॉड्यूल कायमचं समजलं जातं, प्रॉकच्या मॉड्यूल्स फाइलीत त्यापुढे ‘परमनंट’ दिसतं आणि ते निघत नाही.

## ७. ड्रायव्हर असेल तर थोडं वेगळं

पीसीआय, यूएसबी किंवा प्लॅटफॉर्म ड्रायव्हरमध्ये इनिट-एक्झिटमध्ये फक्त ड्रायव्हरची नोंदणी असते आणि तीही मॉड्यूल_पीसीआय_ड्रायव्हरसारखी एक ओळ करून टाकते. खरी मांडामांड प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं), आवराआवर रिमूव्हमध्ये (ते जाताना चालणारं). तिथे ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शन्स वापरली की घेतलेलं सगळं उलट क्रमाने आपोआप परत जातं, प्रोब फसलं तरीही. शिडी लिहिणं वाचतं.

फक्त अर्धं हाताने आणि अर्धं डेव्हएमने असं करू नका. डेव्हएमचं सामान रिमूव्ह संपल्यानंतर परत जातं. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि हँडलर वापरत असलेला बफर रिमूव्हमध्ये हाताने केफ्री केला, तर मधल्या काळात इंटरप्ट आला की संपलं.

कोड बिल्ट-इन झाला की मॉड्यूल_इनिट हे डिव्हाइस_इनिटकॉल होतं, म्हणजे बूट होताना चालणाऱ्या इनिट फंक्शनांची सहावी पातळी. एकाच पातळीतला क्रम लिंक होण्याच्या क्रमाने ठरतो. दुसरा ड्रायव्हर आधी येईल या भरवशावर राहू नका, प्रोबमधून -ईप्रोब_डिफर परत करा, कर्नल नंतर पुन्हा विचारेल. बूटच्या ओळीत इनिटकॉल_डीबग टाकलं तर प्रत्येक इनिटकॉल, त्याचा निकाल आणि लागलेला वेळ लॉगमध्ये येतो.

## ८. मुद्दाम फसवून बघा

शिडी कधीच चालत नाही, म्हणून ती कधीच तपासली जात नाही. यावर एक छोटी युक्ती मी प्रत्येक मॉड्यूलला लावतो. ‘फसव’ नावाचा एक पूर्णांक पॅरामीटर ठेवायचा. त्याचं मूल्य ३ असेल तर तिसऱ्या पायरीच्या हाकेऐवजी तिचं अपयश समजून उडी मारायची.

मग स्क्रिप्टने १ पासून शेवटच्या पायरीपर्यंत ‘फसव’ वाढवत इन्समॉड करा. प्रत्येक वेळी ते अपयशीच ठरलं पाहिजे आणि चौथ्या टप्प्यातली तपासणी स्वच्छ निघाली पाहिजे. त्यानंतर ‘फसव’ ० ठेवून लोड करा. हे यशस्वी झालंच पाहिजे. अडलं तर आधीच्या कुठल्या तरी पायरीने मागे कचरा सोडलाय.

पुढे लोड-अनलोडची शंभर फेऱ्यांची लूप, आणि त्याच वेळी दुसऱ्या टर्मिनलवर डिव्हाइस सतत उघडून बंद करणारी दुसरी लूप. काही आरएममॉड ‘इन यूज’ म्हणून नाकारले जातील, तसंच व्हायला हवं. शेवटी केमेमलीकच्या फाइलीत ‘स्कॅन’ लिहा आणि यादी वाचा. पाच सेकंदांहून ताज्या तुकड्यांची तो तक्रार करत नाही, म्हणून थोडं थांबून दुसऱ्यांदा स्कॅन करा.

आरएममॉड परतच येत नसेल तर बहुधा तुमचं एक्झिट कुठल्या तरी सिंकमध्ये वाट बघत अडकलंय. त्या प्रोसेसचा क्रमांक घ्या आणि प्रॉकमधल्या तिच्या डिरेक्टरीतली स्टॅक फाइल रूट म्हणून वाचा. कोणत्या फंक्शनमध्ये अडकलंय ते सगळ्यात वरच्या ओळींत दिसेल. ती ओळ उतरवून घ्या आणि स्नॅपशॉटवर परत जा. त्या अवस्थेतल्या मशीनवर पुढची चाचणी करून मिळालेल्या निकालाला काही अर्थ नसतो.